गारवा जमा, उकाडा नावे

माणसाचा स्वभाव पत्रिकेत असतो असं ज्योतिषी म्हणतात, रक्तात असतो असं डॉक्टर म्हणतात, आणि आजोळकडून आलेला असतो असं आमच्या मुलाबद्दल त्याचे दोन्हीकडचे आजीआजोबा एकमेकांकडे बोट दाखवून म्हणतात. माझा स्वभाव कुठं आहे याचा पत्ता मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी लागला. तो गाडीत आहे. डॅशबोर्डवर पंख्याच्या खुणेशेजारी बर्फाच्या चांदणीचं चित्र असलेलं एक बटण असतं, त्याच्या मागे. ते बटण दाबलं की एक निळा दिवा लागतो आणि मी दुसराच माणूस होतो.

हे मी तत्त्वज्ञानाचे ग्रंथ वाचून सांगत नाही. मी बी.कॉम. आहे. तत्त्वज्ञानाशी माझा संबंध आला तो एवढाच, की कॉलेजात तो विषय घेतलेल्या मुली आमच्या वर्गाच्या समोरच्या वर्गात बसत. पुढे मी बँकेत चिकटलो आणि गेली वीस-बावीस वर्षं दुसऱ्यांचे पैसे मोजतो आहे. पण प्रश्न पडायला पदवी लागत नाही. उकाडा पुरतो.

राहायला मी शहापुरात आणि शाखा मुरबाडला. ज्यांना हा भाग ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. शहापूरला रेल्वे स्टेशन नाही, ते आसनगावला आहे. मुरबाडला रेल्वेच नाही, ती यायची आहे. ती यायची आहे हे मी मुरबाडला रुजू झालो त्या दिवशी शिपायानं मला सांगितलं होतं. आता तो निवृत्त झाला, पण भेटला की अजून सांगतो. मधे पंचवीस-तीस किलोमीटरचा रस्ता, काळू नदी, भाताची खाचरं, आणि पाठ फिरवून रुसून बसल्यासारखा माहुलीचा डोंगर. पावसाळ्यात हा रस्ता असा देखणा होतो की माळशेजला निघालेली मंडळी वाट चुकून इकडे आली तरी तक्रार करत नाहीत. मे महिन्यात मात्र तव्यावर भाकरी टाकावी तसा तो तुम्हाला दोन्ही बाजूंनी भाजतो. एसटी आहे. पण ती आणि मी एकाच वेळी स्टँडवर असण्याचा योग पत्रिकेत लिहिलेला लागतो. म्हणून मी गाडी घेतली.

गाडी जुनी. मुलुंडच्या एका सद्गृहस्थांकडून घेतली. त्यांनी काच वर केली, बटण दाबलं आणि म्हणाले, "एसी बघा! एकदम चिल्ड!" एसी खरोखरच चिल्ड होता. तो भिवंडी बायपासपर्यंत चिल्ड राहिला. त्यानंतर आतून जो वारा येऊ लागला तो अंगावर श्वास सोडणाऱ्या म्हशीची आठवण करून देणारा होता. मी सद्गृहस्थांना फोन केला. ते म्हणाले, "असं कसं झालं?" हा प्रश्न त्यांनी मला विचारला, यातच सगळं आलं.

मग दोन उन्हाळे मी चारही काचा खाली करून त्या रस्त्यानं गेलो-आलो. आता बघा, काचा खाली असल्या की गाडीचं काय होतं? तिचं घर न राहता ओटी होते. ओटीवर बसलेल्या माणसाला रस्त्यानं जाणारा कोणीही हाक मारू शकतो. "ओ सायेब, मुरबाडला काय?" असं कानाशी कोणी ओरडलं तर ऐकू आलं नाही असं म्हणायला तोंड लागतं, आणि ते माझ्यापाशी नाही. मी थांबायचो. पहिल्यांदा एक शिक्षक बसले. मग त्यांच्या शाळेतली दोन पोरं. मग पाटीत करवंदं घेऊन बाजाराला निघालेल्या दोन ठाकर बाया. आणि एका पाड्याच्या फाट्यावर रोज नाही पण आठवड्यातून दोनदा भेटणाऱ्या एक आजी. त्यांना मुरबाडला सरकारी दवाखान्यात जायचं असायचं, किंवा लेकीकडे, किंवा आमच्याच बँकेत. एकदा तर त्यांच्या मांडीवर करडू होतं. करडानं सबंध प्रवासात गिअरच्या दांड्याकडे असं काही रोखून पाहिलं की ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर आठवले.

पैसे मी कधी घेतले नाहीत. खाजगी गाडीत भाडं घेणं कायद्यात बसत नाही, हे खरं कारण. पण गाडीत बसलेल्यांना ते माझं मोठं मन वाटायचं आणि मी तो गैरसमज दूर करण्याच्या फंदात पडलो नाही. पळसाच्या पानाच्या द्रोणात करवंदं यायची, कधी जांभळं, एकदा रानभाजीची जुडी. शाखेत लोक मला बघून उभे राहायचे. "लय देवमाणूस" हे शब्द मी स्वतःच्या कानांनी, स्वतःबद्दल, काउंटरच्या पलीकडून ऐकले. बँकेच्या कर्मचाऱ्याबद्दल असे शब्द काउंटरच्या त्या बाजूनं निघण्याचा आमच्या विभागातला हा पहिलाच प्रसंग असावा. मला ते पटलंसुद्धा. इथंच माझी चूक झाली.

तिसऱ्या मे महिन्यात सासूबाई मुलुंडहून राहायला आल्या. आसनगाव स्टेशनपासून घरापर्यंत त्यांनी पदरानं वारा घेतला आणि एक शब्द बोलल्या नाहीत. त्या बोलत नाहीत तेव्हा आमच्या घरात फार मोठा खर्च होतो. दुसऱ्या दिवशी मी गाडी उस्तादांकडे नेली.

उस्ताद म्हणजे मुरबाडचे एसी मेकॅनिक. कळकट बनियन, कानावर पेन्सिल, आणि बोलणं असं की कीर्तनकारानं शिष्य व्हावं. मी म्हटलं, "उस्ताद, गॅस संपलाय बहुतेक. भरून टाका."

त्यांनी माझ्याकडे करुणेनं पाहिलं. "साहेब, गॅस संपत नसतो. गॅस म्हणजे काय पेट्रोल आहे जळायला? तो बंद नळीत गोल गोल फिरतो. कमी झाला म्हणजे कुठून तरी गळला. आधी गळती शोधायची, मग भरायचा. नुसता भरून देणारा सांगतील तेवढे तुम्हाला दर मे महिन्यात भरून देईल."

मला हे एकदम समजलं. कॅश कमी भरली तर कॅश 'संपली' असं आम्ही म्हणत नाही. कोणाकडे तरी जास्त गेलेली असते.

गळती एका नळीच्या जोडावरच्या रबरी कडीत सापडली. ती वाळून चिरली होती. उस्ताद म्हणाले, "थंडीत एसी लावतच नाही ना कोणी? आठवड्यातून दहा मिनिटं तरी लावायचा. गॅसबरोबर तेल फिरतं, तेलानं रबर ओलं राहतं. वापरलं नाही की सुकतं." (हे वाक्य मी घरी जाऊन आमच्या हिला, माझ्या बंद पडलेल्या बाजाच्या पेटीसंदर्भात ऐकवलं. तिनं ते माझ्याच बाकीच्या गुणांना लावलं.) मग त्यांनी डॅशबोर्डचा खण काढून त्यामागची हवेची जाळी बाहेर ओढली. जाळी कसली, घरटं होतं ते. वाळली पानं, कापूस, माझ्याच एका परिपत्रकाचे तुकडे आणि उंदराच्या संसाराच्या इतर खुणा. दोन उन्हाळे मी ज्या हवेला रानवारा समजून छातीत भरून घेत होतो ती उंदराच्या माजघरातून येत होती. जाळी वर्षातून एकदा तरी बदलायची, पुढच्या जाळीदार पत्र्यावर चिखल बसला तर हलक्या पाण्यानं धुवायचा, उन्हात उभ्या गाडीत बसल्याबसल्या एसी न लावता आधी काचा उघडून कोंडलेली गरम हवा घालवायची, मुक्काम यायच्या दोनतीन मिनिटं आधी एसी बंद करून नुसता पंखा चालवायचा म्हणजे आतली कॉइल सुकते आणि कुबट वास येत नाही, आणि बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून एसी खात झोपायचं कधीच नाही, कारण तिथून उठायला माणूस राहत नाही. असा सगळा उपदेश पदरी बांधून आणि चार हजार दोनशे रुपये त्यांच्या पदरी बांधून मी निघालो.

पण निघण्याआधी मी एक प्रश्न विचारला, आणि तो विचारला नसता तर बरं झालं असतं. म्हटलं, "उस्ताद, हा गारवा तयार कुठं होतो?"

"गारवा तयार होत नसतो साहेब," उस्ताद पान लावता लावता म्हणाले, "गारवा अशी काही चीजच नाही. आतली गर्मी उचलायची आणि बाहेर नेऊन टाकायची. बास. पुढून जाळीपाशी हात लावून बघा."

मी हात लावला आणि चटकन काढून घेतला.

इथं माझ्यातला बी.कॉम. जागा झाला. लुका पाचोली नावाच्या इटालियन साधूनं १४९४ साली द्विनोंदी पद्धत छापून प्रसिद्ध केली तेव्हापासून आम्ही वाणिज्यवाले एकच मंत्र जपतो आहोत: एका खात्यात जमा झालं की दुसऱ्या कुठल्या तरी खात्यात नावे पडलंच पाहिजे. आत गारवा जमा, बाहेर उकाडा नावे. आणि हिशेब तिथंच संपत नाही. कॉम्प्रेसर फिरवायला इंजिनाची जी शक्ती लागते तिचीही शेवटी उष्णताच होते, आणि तीही बाहेरच टाकली जाते. म्हणजे आतून जेवढी गर्मी काढली त्यापेक्षा बाहेर जास्त पडते. वरची रक्कम हे बँकेचं कमिशन समजा. माझ्या गाडीतून गळून गेलेल्या त्या गॅसचं काय झालं हेही मी नंतर वाचलं. पूर्वीचा गॅस आकाशातल्या ओझोनला भोकं पाडायचा म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो हळूहळू बंद झाला. त्याच्या जागी जो आला आणि माझ्या गाडीत होता, तो ओझोनला काही करत नाही. पण पृथ्वी तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडला हजारपटींहून अधिक मागे टाकतो. थोडक्यात, माझी दोन उन्हाळ्यांची थकबाकी वरच्या खात्यावर आहे आणि ती वसूल कोणाकडून होणार हे काही मला विचारून ठरणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काचा वर केल्या आणि बटण दाबलं.

खोटं कशाला बोलू? स्वर्ग होता तो. पाठ सीटला चिकटत नव्हती. शर्टाची इस्त्री मुरबाडपर्यंत टिकली, हे माझ्या नोकरीतलं पहिलं आश्चर्य. रेडिओवरचं गाणं शेवटच्या ओळीपर्यंत ऐकू आलं. बाहेर ऊन होतं, पण ते सिनेमातल्या उन्हासारखं. माणसं होती, पण तीही सिनेमातल्यासारखी. डोक्यावर हंडे घेतलेल्या बायांची रांग काचेतून इतकी सुरेख दिसली की मी चक्क मनात म्हटलं, वा! दोन वर्षं त्याच बाया मी पाहत होतो, पण तेव्हा 'वा' म्हणायचं सुचलं नव्हतं. तेव्हा त्यांच्यातली एखादी "किती वाजलं ओ?" असं विचारायची आणि मी घड्याळ बघायचो.

आणि त्या फाट्यावर आजी उभ्या होत्या. त्यांनी हात वर केला. मीही हसून हात केला आणि निघून गेलो.

देवाशपथ सांगतो, मला खरोखर वाटलं की त्या मला नमस्कार करताहेत. असं त्या आठवड्यात मी तीनदा केलं.

चौथ्या दिवशी आजी बँकेत आल्या. श्रावणबाळ योजनेचे पैसे काढायचे होते. मशिनवर अंगठा लावला. मशिन म्हणालं, जुळत नाही. पुन्हा लावला. जुळत नाही. सत्तर वर्षं भातलावणी, शेण आणि भांडी यांत त्या अंगठ्याच्या रेषा झिजून गेल्या आहेत, आणि सरकारच्या मते माणसाची ओळख रेषांत असते. पुसून, ओला करून, दुसरं बोट लावून अखेर जुळलं. पैसे घेताना आजींनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाल्या,

"पोरा, आधी थांबायचास. आता लय हात हालवतोस."

रागानं नाही हो. रागानं म्हणाल्या असत्या तर मी उत्तर दिलं असतं. आम्हाला त्याचं प्रशिक्षण असतं. पण त्या हसत म्हणाल्या, पोराला नवा खेळ सापडला असावा तसं. मागच्या रांगेतल्या दोघी हसल्या. हेडकॅशियर हसले. मी शंभराच्या नोटा दोनदा मोजल्या आणि दोन्ही वेळा वेगवेगळ्या आल्या.

त्या दिवसापासून मला हा प्रश्न सुटत नाही. दोन वर्षं मी जो देवमाणूस होतो, तो मी होतो की उकाडा होता? एसी बिघडला होता तेव्हा मी भला होतो. एसी सुधारला आणि मी बिघडलो. मधे माझ्यात तर काहीच बदललं नव्हतं. बदलली ती एक रबरी कडी. बाजारात किंमत तीस रुपये. म्हणजे माझ्या चांगुलपणाची किंमत तीस रुपयांहून जास्त नाही, आणि तीही मजुरी सोडून!

हेडकॅशियरांना सांगितलं तर ते म्हणाले, "तुम्ही काय एसटी महामंडळ आहात? ज्या रस्त्यावर गाड्या पाहिजेत तिथं त्या नाहीत याला तुम्ही जबाबदार आहात का? उद्या कोणी चढताना पडलं, हातपाय मोडला, तर? आणि तुम्ही काचा खाली करून घाम गाळलात म्हणून आजीचा घाम कमी झाला काय?" त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. कोणाला ऊन लागतं म्हणून आपणही उन्हात उभं राहावं यात पुण्य नसून नुसता उष्माघात आहे. मी घरी येऊन हेच मुद्दे मोठ्या आवाजात स्वतःला सांगितले.

ही भाजी निवडत होती. म्हणाली, "एसी लावून थांबता येत नाही का?"

प्रश्न अगदी सरळ आहे. थांबता येतं. गाडीला ब्रेक एसी चालू असतानाही लागतो, मी पाहिलं आहे. पण काय होतं ते मी तुम्हाला प्रामाणिकपणे सांगतो. दूरवर कोणी हात केलेला दिसतो. पाय ब्रेककडे जातो. आणि त्याच क्षणी मन म्हणतं, दार उघडलं की सगळा गारवा जाणार! पुन्हा गार व्हायला दोन मिनिटं. पाटीतली सुकी मासळी आत येईल, तिचा वास काचा बंद असल्यावर जाणार कुठं? एका पारड्यात माझी दोन मिनिटं आणि दुसऱ्या पारड्यात समोरच्याची उन्हातली दोन तासांची पायपीट, हे गणित तिसरीच्या मुलालाही सुटेल. मी तर बँकेत आहे. पण गणित सुटेपर्यंत फाटा मागे गेलेला असतो.

आपण एकटेच असे नाही म्हणून दिलासा शोधत होतो तर तो अमेरिकेत सापडला. १९७३ साली दोघा मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. प्रिन्स्टनला धर्मोपदेशक होण्यासाठी शिकणारे विद्यार्थी घेतले. त्यांना सांगितलं, पलीकडच्या इमारतीत जाऊन भाषण करा. काहींना विषय दिला बायबलातल्या चांगल्या शोमरोनी माणसाच्या गोष्टीचा, म्हणजे वाटेत पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्याची गोष्ट. आणि वाटेत एका दारात एक माणूस कण्हत, खोकत बसवून ठेवला. ज्यांना भरपूर वेळ आहे असं सांगितलं होतं त्यांतले ६३ टक्के थांबले. ज्यांना उशीर झालाय, पळा, असं सांगितलं त्यांतले १० टक्के. परोपकारावर भाषण करायला निघालेले काहीजण तर त्याला ओलांडून गेले. आता हे लोक वाईट होते का? मुळीच नाही. त्यांचा फक्त एसी दुरुस्त झाला होता.

पण दिलासा पुरता टिकत नाही, कारण लगेच पैठणचे एकनाथ महाराज आठवतात. काशीहून गंगेची कावड रामेश्वराला घालायला निघालेले, आणि वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात ती रिकामी केली. ती कावड किती पावलांची होती! तिथं घाई नव्हती का? ऊन नव्हतं का? की कावड उघड्या खांद्यावर असते, तिला काच नसते, म्हणून जमलं? असं म्हणावं तर संतांचा अपमान. असं न म्हणावं तर माझा. मी दोन्हीच्या मधे अडकलो आहे.

हा हिशेब एकदा डोक्यात शिरला की सगळीकडे दिसायला लागतो. १९०२ साली विलिस कॅरिअरनं आधुनिक एसीची पहिली योजना आखली ती ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी, दमट हवेत कागद फुगून छपाई बिघडायची म्हणून. म्हणजे गारव्याचा पहिला मानकरी माणूस नव्हे, कागद. आमच्या शाखेत आजही गारव्याला पहिला मान कॉम्प्युटरच्या खोलीचा, मग मॅनेजरसाहेबांचा, मग आमचा. काउंटरपलीकडे पंखा. आणि शाखेच्या एसीचा बाहेरचा डबा जिथं गरम फुत्कार सोडतो, त्याच भिंतीच्या सावलीला आजी आणि मंडळी बँक उघडायची वाट बघत बसलेली असतात. इतकी वर्षं तो डबा मी पाहत होतो, पण मला तो डबा वाटत होता.

सासूबाईंना घेऊन मुलुंडला गेलो तर तिथं मेहुण्यानं नळ सोडला आणि म्हणाला, "काय प्रेशर आहे बघा!" मी बघितलं. तानसा धरण १८९२ सालचं, आमच्या शहापूर तालुक्यातलं. भातसा आमच्याच तालुक्यातलं. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांत मिळून जेवढं पाणी मावतं त्याचा जवळजवळ निम्मा वाटा एकट्या भातसाचा आहे. आणि उन्हाळा आला की त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर फिरतो, आणि मला काचेतून सुरेख दिसलेली ती हंड्यांची रांग त्या टँकरकडे निघालेली असते. मुलुंडात जमा. शहापुरात नावे. मेहुणा नळ सुरू ठेवून दाढी करत होता. मी पुढे होऊन तो बंद केला. तो म्हणाला, "काय झालं?" म्हटलं, "काही नाही. आवाज येतोय." मीही जन्मापासून चाळीस वर्षं मुलुंडला तशीच दाढी केली आहे, हे त्याला सांगायचं राहून गेलं. (दाढी जन्मापासून नाही, पण भावना लक्षात घ्यावी.)

तर पुढच्या सोमवारी मी निश्चय करून निघालो. निळा दिवा चालू, काचा वर, आणि ब्रेकवर पाय. फाट्यावर आजी होत्या. मी थांबलो. दार आतून उघडून दिलं. त्या बसल्या, मी दार लावलं. आजींनी आजूबाजूला पाहिलं, पदर डोक्यावरून घेतला, मग कानांवरून, मग गळ्याभोवती. जराशानं म्हणाल्या, "पोरा, दवाखान्यात आल्यावानी वाटतंय." मी पंखा कमी केला. पुढच्या वळणावर म्हणाल्या, "कुणी मेलंय का? कायच आवाज नाय." मी रेडिओ लावला. तेवढ्यात त्या काचेवर टकटक करू लागल्या. बाहेर त्यांची जाऊ उभी होती. काच बंद, त्यामुळे जावेला काही कळेना, तिलाही वाटलं नमस्कार चाललाय, तिनं हात जोडले. मी थांबलो. जाऊ बसली. तिच्यामागे तिची सून, सुनेच्या कडेवर पोर, आणि करवंदांच्या दोन पाट्या. पाच माणसांच्या श्वासांपुढे त्या बिचाऱ्या एसीचं काही चालेना. आजींनी दाराची कडी चाचपडत विचारलं, "ही काच खाली व्हती का न्हाई?"

मी काचा खाली केल्या. गरम वारा भस्सकन आत आला आणि त्याबरोबर सगळ्या एकदम बोलायला लागल्या. मुरबाडला गाडी उभी केली तर खाली बॉनेटच्या मागून एसीचं पाणी ठिबकत होतं. हवेतलाच ओलावा गार कॉइलवर जमून नळीनं खाली येतो, बिघाड नसतो तो. एक कुत्रा आला आणि ते थारोळं चाटू लागला. जाऊबाई म्हणाल्या, "तुझ्या गाडीला पाणी सुटतं? आमच्या विहिरीला सुटत न्हाई." आणि पाटी उचलून बाजाराकडे गेल्या.

जूनच्या पहिल्या आठवड्यात एसीतून पुन्हा म्हशीचा श्वास येऊ लागला. मी उस्तादांकडे गेलो. त्यांनी गेज लावलं, काटा बघितला. "दुसऱ्या जोडाला गळती आहे साहेब. किरकोळ. पंचवीसशेत करून देतो. करू?"

मी विचारात पडलो. करावं तर पुन्हा रोज सकाळी फाटा येणार, पाय ब्रेकवर जाणार आणि गणित सुटेपर्यंत मागे पडणार. न करावं तर मी आपोआप भला माणूस. काही ठरवायलाच नको.

म्हटलं, "राहू द्या उस्ताद. आता पाऊस येईलच."

घरी येऊन हिला सगळा विचार नीट समजावून सांगितला. गारव्याचा हिशेब, प्रिन्स्टनचे विद्यार्थी, नाथांची कावड, आणि माणसानं स्वतःच्या दुबळेपणाची व्यवस्था आधीच कशी करून ठेवावी, हे सगळं. तिनं शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पंचवीसशे रुपये वाचवले म्हणा की सरळ."